चौघांचा वाटा

बयावयनींचं अंगण अर्धंच सारवून झालं होतं. पडवीकडची बाजू ओली, हिरवट चकाकत होती आणि वाटेकडची अजून धुळीची होती. शेणकाल्याचं घमेलं मधोमध ठेवून वयनी उकिडव्या बसून हात फिरवत होत्या. मी भाकऱ्या न्यायला गेले होते. रायगडाच्या पायथ्याशी, आमच्या हिरकणीवाडीत, रस्त्याच्या कडेला आमची छोटी खानावळ आहे. पिठलं माझं आणि भाकऱ्या वयनींच्या, अशी आमची जुनी वाटणी. वयनी नात्याने माझ्या चुलत जाऊ, पण वयाने माझ्या आईएवढ्या.

"थांब गो धाकटे, एवढा पट्टा झाला की हात धुते," त्या म्हणाल्या. "पन वल्यावर पाय ठेवू नको. तुझ्या पावलांची नक्षी नको मला."

तेवढ्यात खालच्या वाटेवरून खणखणीत हाक आली. "येशा! ए येशा! हायस काय गेलास?"

पडवीत खाटेवर बसलेल्या भावजींनी मान वर केली. भावजी म्हणजे वयनींचे यजमान, येसाजी. स्वतःच्या मुलाला ओळखेनासा झालेला माणूस. पण ती हाक ऐकली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले.

"हैबती आला," ते म्हणाले. "आता चौघं झालो."

त्यानंतर थोड्याच वेळात जे घडलं त्याने वयनींचं घर मोडलं. पण ते लिहायच्या आधी वयनी कोण आणि भावजी कोण हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाईने नवऱ्याला काहीबाही खायला घातलं. वाडीत दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं. देव त्यांचं भलं करो.

वयनींचं माहेर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या कुशीतल्या एका वाडीत. घरी म्हशी, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा भावजी गडावर डोली उचलायचे. त्या काळी ज्यांना पायऱ्या चढवत नसत त्यांना डोलीत बसवून वर न्यायचं आणि खाली आणायचं, हे आमच्याकडच्या कितीतरी घरांचं पोट. वयनी सांगायच्या, "लगीन झालं त्या राती ह्यांनी मला पहिलं काय इचारलं ठावं हाय? म्हनले, तुजं वजन किती? डोलीवाल्याला दुसरं काय सुचनार!" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. भावजीही कमी नव्हते. एखादा लठ्ठ शेठ डोलीजवळ आला की त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून गंभीरपणे विचारायचे, "शेठ, दुसरे कुठं हायत? तुमी दोघं जन आलात ना?"

डोलीला चौघं लागत. भावजी, श्रीपत, चांगू आणि हैबती. भावजी नेहमी पुढे उजव्या खांद्याला. पुढच्याने वाट बघायची आणि मागच्यांना ओरडून सांगायचं, "पायरी! मोडकी पायरी! डावं वळान!" मागच्या दोघांना पायांखालचं काही दिसत नाही, पुढच्याचा आवाज हेच त्यांचे डोळे. म्हणून दांड्याखाली असताना कुणी तोंडात काही ठेवायचं नाही असा त्यांचा नियम होता. सुपारी नाही, तंबाखू नाही, गुळाचा खडासुद्धा नाही. गडावर शिरकाईदेवीला किंवा जगदीश्वराला गिऱ्हाइकाने नारळ फोडला आणि प्रसाद दिला तर तो कपाळाला लावायचा, मुंडाशाच्या शेवाला, म्हणजे टोकाला, गाठ मारून ठेवायचा आणि खाली उतरल्यावर चौघांनी चार वाटे करून खायचा. चौघांपैकी एखादा त्या दिवशी आजारी असला तर त्याचा वाटा भावजी खायचे, कारण गाठ त्यांच्या मुंडाशाला असे. प्रसाद टाकायचा नाही आणि शिळा ठेवायचा नाही. हे सगळं आम्हा बायकांनाही पाठ होतं. कधी कुणी त्याचं नवल केलं नाही.

मग रोपवे झाला. डोल्या अगदीच बंद पडल्या नाहीत, पण म्हाताऱ्या खांद्यांना कोण बोलावणार? श्रीपतदादा वारले, मागोमाग चांगूदादा. हैबतीआबांना त्यांच्या लेकीने दासगावला नेलं. भावजी एकटे राहिले आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. म्हशीला दोनदा पाणी दाखवायचे. जेवून उठल्यावर "जेवान कवा?" म्हणायचे. मग एक दिवस खांद्यावर चिंध्यांची चुंबळ घेऊन रोपवेच्या दारात जाऊन उभे राहिले आणि रांगेतल्या लोकांना विचारायला लागले, "डोली पायजे काय, डोली?" पोरं हसली. तिथल्या माणसाने ओळखलं म्हणून बरं, त्याने चहा पाजून घरी आणून सोडलं. पुढे पुढे ते कधीही उठून निघायचे. एकदा भर उन्हात अर्ध्या गडावर सापडले. पाय मात्र दगडासारखे होते. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण पोटऱ्या बघाव्यात तर तरण्या बैलासारख्या. डोकं वाट विसरलं होतं, पायांना सगळं पाठ होतं.

वयनींचा मुलगा सुधीर मुंबईला असतो. तो आला तेव्हा म्हणाला, "आये, दार बाहेरून बंद कर ना. सिंपल गोष्ट आहे. नाहीतर कुठेतरी दरीत जातील."

शेजारच्या रावजीने त्याच्याही पुढची सांगितली. "कमरेला सैल दावं बांधा. आमच्या आज्याला बांधत होते. काय नाय होत."

वयनी चुलीपुढून उठल्या नाहीत, फक्त फुंकणी खाली ठेवली. "म्हस बांधते ती बास झाली," त्या म्हणाल्या. "ह्या पायांवर ह्या घरानं भाकरी खाल्ली. ते बांधायला माजा हात उठनार नाय. आपल्या पायांनी फिरतोय तवर फिरू दे. मी जाते पाठून."

आणि खरंच जायच्या. भाकऱ्या थापता थापता तवा उतरवून ठेवायच्या आणि भावजींच्या मागे चालायला लागायच्या. दिवसा जमायचं. रात्री माणूस किती जागणार? त्या इतक्या वाळल्या की बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मीच म्हटलं, महाडला डॉक्टरांकडे जाऊ.

डॉक्टरांनी तपासलं. स्मृतिभ्रंश आहे म्हणाले, वयाचा आजार, बरा होणारा नाही. रात्री निजण्यासाठी गोळी लिहून दिली, अर्धी द्यायची. "पण गोळी घेतल्यावर एकटं उठू देऊ नका, तोल जातो," एवढं सांगेपर्यंत बाहेरचा पुढचा पेशंट आत आला होता.

गोळी आणली खरी, पण भावजी घेतील तर ना! वयनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाले, "मला काय झालंय? मी काय बाळंतीन हाय?" भातात घातली तर जिभेने बाजूला काढून खडा म्हणून थुंकली. चहात विरघळवली तर चहा कडू म्हणून अंगणात ओतला आणि वर सुनावलं, "बया, तुला च्या पन येत नाय आताशा." वयनी हसल्या आणि आत जाऊन रडल्या.

मग एका संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, देवापुढे गूळखोबरं ठेवलं आणि त्यातला चिमूटभर प्रसाद भावजींच्या हातावर दिला. भावजींनी तो कपाळाला लावला आणि गप्पकन तोंडात टाकला. सगळं विसरलेला माणूस, पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं हे विसरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वयनी अर्धी गोळी गुळात दाबून, वर खोबऱ्याचा कीस लावून तो खडा देवापुढे ठेवायला लागल्या. मला म्हणाल्या, "शिरकाईच्या हातून जातंय म्हंजे गुन येनारच." मलाही ते बरंच वाटलं. आपल्या घरांत औषधाला अंगाऱ्याची जोड असतेच. देवापुढे ठेवलेल्या वस्तूने कुणाचं वाईट होईल असं कुणाच्या मनात येतं?

थोडे दिवस गुण आला. भावजी निजायचे, वयनींनाही डोळा लागायचा. मग पुन्हा बिनसलं. एखाद्या रात्री गाढ झोप, पुढच्या दोन रात्री टक्क जागे. वयनींनी महाडला जाऊन तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अर्धीने भागत नसेल तर पूर्ण द्या. त्यांनी दुसरं काय म्हणायचं? बाई सांगते, रोज देते. आणि बाई खोटं बोलत नव्हती. ती रोज देतच होती.

खडा हातावर पडला की भावजी कपाळाला लावायचे, हे वयनी बघत. मग त्या भाकरी वाढायला वळत. त्यांची पाठ वळल्यावर हात तोंडाकडे न जाता मुंडाशाकडे जायला लागला होता, हे कुणी बघितलं नाही. आजार जसा वाढला तसे भावजी मागे मागे जात थेट डोलीच्या दिवसांत जाऊन बसले होते. तिथे प्रसाद वर खायचा नसतो, खाली उतरून खायचा असतो. मुंडासं तर ते झोपेतही उतरवू देत नसत. धुवायला मागितलं तर अंगावर यायचे. एकदा त्यांच्या उशाशी मुंगळे दिसले तेव्हा वयनींनी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्याचं रगत गोड झालंय बघ."

असं सगळं होतं, आणि मग त्या सकाळी हैबतीआबा आले.

वयनींनी सारवण तसंच टाकलं, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. आबा पडवीत भावजींच्या शेजारी बसले. मी दाराशी भाकऱ्या फडक्यात बांधत होते.

"ओळाखलंस काय रे मला?" आबांनी विचारलं.

"तुला न वळखायला काय झालं? डाव्या खांद्याचा चोर! वळनावर सगळा भार माज्यावर टाकायचास."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला म्हणाले, "सूनबाय, कोन म्हनतं ह्याचं डोस्कं गेलं? ह्याला माजी लबाडी पन याद हाय."

भावजींनी मुंडासं सोडलं. मी इतक्या महिन्यांत त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदाच बघत होते. शेवाची गाठ त्यांनी दातांनी सोडवली. आत गुळाचा चिकट काळपट गोळा होता, खोबऱ्याचा कीस त्यात चिकटलेला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि फार काळजीने त्याचे चार भाग केले. एक आबांना दिला. "घे. जगदीश्वराचा हाय. खाली उतरलो आता."

आबांच्या तोंडात तंबाखू होती. "प्रसाद असा कसा खाऊ? चूळ भरून खातो," म्हणून त्यांनी तो मुठीत धरला.

भावजींनी आपला वाटा खाल्ला. मग इकडे तिकडे बघितलं. "शिरपत आला नाय?"

आबांचा चेहरा पडला, पण ते शहाणे होते. "आज नाय आला रे," म्हणाले. "चांगू बी नाय."

"बरं," असं म्हणून भावजींनी ते दोन वाटेही एकामागून एक खाऊन टाकले. मी बघत होते. मला ते इतकं गोड वाटलं की वयनींना दाखवायला हाक मारावी असं मनात आलं.

चहा आला, आबांनी आपला तसाच बाजूला ठेवला. दोघांच्या गप्पा रंगल्या, म्हणजे आबाच बोलत होते, भावजी मान हलवत होते. बऱ्याच वेळाने मान हलायची थांबली आणि पापण्या जड झाल्या. आबा उठले, अंगणाच्या कडेला जाऊन चूळ भरली आणि मुठीतला वाटा तोंडात टाकला. लगेच त्यांनी तो पुन्हा तळहातावर काढला.

"गो बया," ते म्हणाले, "गूळ कडू कसा? आनि ह्यात हे पांढरं काय हाय?"

वयनी घमेल्याजवळ परत येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आबांच्या तळहाताकडे बघितलं. मग पडवीकडे बघितलं, भावजींच्या मांडीवरच्या सुटलेल्या मुंडाशाकडे. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीचा कुनी खाल्ला?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. भावजी खाटेवरून उठले होते. डोळे अर्धे मिटलेले, चुंबळ खांद्यावर. "चल हैबती, खाली गिऱ्हाईक थांबलंय," असं काहीतरी जडावलेल्या जिभेने म्हणत जोत्याच्या कडेला आले. वयनी "अवो थांबा! थांबा!" म्हणत शेणाच्या हातांनी धावल्या. त्यांचा हात भावजींच्या दंडापर्यंत पोचला आणि त्याच वेळी ते दगडासारखे पाय कापडासारखे दुमडले. पायरीच्या कडेवर कमरेचा भाग आपटला आणि ते ओल्या सारवणावर आडवे झाले. जो आवाज झाला तो मी लिहीत नाही.

जीप खाली रस्त्यावर. घरापासून तिथवर पायऱ्यांची अरुंद वाट. गडावरच्या चार पोरांनी डोली आणली आणि आमच्या भावजींना डोलीत निजवलं. त्या गुंगीतही, दुखण्याने कण्हत असतानाही, ते वाटेवर पुटपुटत होते, "पायरी... मोडकी पायरी... खांदा बदल रे." पुढचा पोरगा रडत रडत "व्हय बाबा, व्हय बाबा" म्हणत खांदा बदलत होता.

महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गोष्ट तयार झाली होती. बरोबर आलेल्या रावजीने डॉक्टरांना सांगितलं, "सारवणावरून घसरले." अंगाला शेण लागलेलंच होतं. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. खुबा मोडला होता. भावजी हात लावू देत नव्हते, ओरडत होते, मधेच गपगार होत होते. सिस्टरने त्यांना शांत करायला इंजेक्शन भरून आणलं.

त्या क्षणी वयनींना गप्प राहता आलं असतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी सोडवून घेतला.

"बाय, थांबा. सुई मारू नका," त्या म्हणाल्या. "ते घसरले नाय. त्यांच्या पोटात झोपेच्या गोळ्या हायत."

सगळे त्यांच्याकडे वळले. डॉक्टरांनी विचारलं, "किती?"

"ठाऊक नाय. तीन वाट्यांत जितक्या असतील तितक्या."

"म्हणजे? कोणी दिल्या?"

"मी. देवाच्या परसादातून." रावजी, ती चार पोरं, हैबतीआबा, सगळ्यांसमोर त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, बोट काळंनिळं होईपर्यंत.

हे डॉक्टर गोळी लिहून देणारे नव्हते, वयाने लहानच होते. ते रागावले नाहीत. इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं, नाकात ऑक्सिजनची नळी घातली. नंतर म्हणाले, "आजी, तुम्ही बोललात म्हणून श्वास तरी चालू आहे. ह्यावर ते इंजेक्शन गेलं असतं तर कठीण होतं." मग मला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला ही गोळी जास्त चढते आणि फार वेळ अंगात राहते. विसरणाऱ्या माणसाला गोळी दिली की डोळ्यांदेखत गिळली का ते तोंड उघडून बघावं लागतं. गुण येत नसेल तर डोस वाढवायच्या आधी गोळी पोटात जाते का हे बघायला हवं. मी मान डोलावली. आता ऐकून काय करायचं होतं?

सुधीर दुसऱ्या दिवशी आला. बापाकडे बघितलं आणि आईसमोर उभा राहिला. "आये, मी सांगितलं होतं. दार बंद ठेव. एवढंच सांगितलं होतं."

मला राहवलं नाही. "सुधीर, गणपतीला आणि शिमग्याला येऊन सांगणं सोपं असतं रे."

"गप गो धाकटे," वयनी म्हणाल्या. "तो खरं बोलतोय. दार बंद ठेवलं असतं तर पडले नसते."

सुधीर तिथेच बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग वयनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ऑपरेशनसाठी भूल द्यावी इतकं काळीज बळकट नाही असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. पायाला वजन लावून निजवून ठेवलं. भावजींना ते कसं कळणार? शुद्ध आल्यापासून ते वजनाची दोरी ओढायचे, उठायला बघायचे. सिस्टरने दोन्ही हात पट्टीने खाटेच्या कडेला बांधले.

"सोडा की हो," वयनी म्हणाल्या. "मी बसते हात धरून."

"किती वेळ बसाल आजी?"

"बसते."

त्या बसल्या. जेवायला उठल्या की सिस्टर बांधायची, म्हणून जेवायला उठेनाशा झाल्या. मी डबा न्यायची आणि घास भरवायची, त्यांचे दोन्ही हात अडकलेले. आणि भावजी त्यांच्या हातातून हात सोडवायला धडपडत म्हणायचे, "सोड गो! कोन तू? जाऊ दे मला घरी. माजी बया वाट बघत असंल."

"मीच ती," वयनी म्हणायच्या.

"चल! ती अशी हाय काय? ती माजा हात धरून ठेवील काय?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

पुढे वजन काढलं आणि भावजींना घरी आणलं. पाय आखूड झाला आहे. उभं करायला दोघांनी धरलं तरी ते खाली बसतात. आता दार सताड उघडं असतं, खाटेवरून गडाची वाट दिसते, आणि कुणी कुठे जात नाही. वयनी रोज त्या पोटऱ्यांना तेल लावतात. कातडं हाडावर सैल झालंय. तेल लावताना भावजी कधी हसतात, कधी "कोन गो?" विचारतात.

गोळ्या आता दुखण्याच्या आहेत. वयनी गोळी तळहातावर उघडी ठेवून सांगतात, "ही गोळी हाय. दुखायची. गिळा." भावजी तोंड घट्ट मिटतात. वयनी जबरदस्ती करत नाहीत. परत थोड्या वेळाने तळहात पुढे करतात, परत तेच शब्द. कधी गिळतात, मग वयनी तोंड उघडायला सांगून जिभेखाली बघतात. कधी थुंकतात, आणि मग सगळा दिवस कण्हणं ऐकावं लागतं. मी एकदा म्हटलं, "वयनी, केळ्यातून द्या की. केळ्यात काय पाप आहे?" त्या म्हणाल्या, "पाप नाय गो. पन ह्यांनी माज्या हातातलं कधी निरखून खाल्लं नव्हतं. बगायचे नाय, नुसते तोंडात टाकायचे. आता मी दावूनच देनार."

संध्याकाळचा त्यांच्या घरचा दिवा मी लावते. वयनी मागे उभ्या राहून हात जोडतात, पण नैवेद्याच्या वाटीला हात लावत नाहीत. मी पुष्कळ सांगून बघितलं, की देव आईसारखा असतो, त्याला सगळं कळतं, आणि तुमच्या मनात काय होतं ते शिरकाईला ठाऊक आहे. हैबतीआबाही येऊन सांगून गेले, "बया, पोराला आपन मधातून औषध देतो, तसंच ते." वयनी एवढंच म्हणाल्या, "मध कोन देवाम्होरं ठेवत नाय."

ह्या आठवड्यात भावजींच्या पाठीला, माकडहाडावर जखम झाली. पडून पडून होते तशी. वयनींनी ती मला दाखवली, रुपयाएवढी आहे, कडेने लाल. भावजींना एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवताना आम्ही दोघी लागतो. वळवलं की ते ओरडतात आणि वयनी त्यांच्या कानाशी म्हणतात, "झालं, झालं, खाली उतरलो," पण ते ऐकतात की नाही कळत नाही.

उद्या पहिल्या एसटीने वयनी महाडला जाणार आहेत, जखमेचं मलम आणि कापूस आणायला.